पक्षकार, वय वर्षे सोळा

विधी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन मी बाल न्याय मंडळात जाते, तेव्हा त्यांचा पहिला हिरमोड ती खोली पाहूनच होतो. मूट कोर्टात ‘माय लॉर्ड’ म्हणून घसा तयार केलेला असतो आणि इथे ना पिंजरा, ना उंच व्यासपीठ. एक न्यायदंडाधिकारी, दोन समाजकार्यकर्ते (त्यांत एक तरी बाई हवी, असं कायदाच सांगतो), प्लास्टिकच्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे आणि दाराबाहेर रोज बुडवून आलेले आईबाप. मंडळानं मुलाच्या पातळीवरच बसायचं, मध्ये आडकाठी नको, हे नियमांतच लिहिलेलं आहे.

दुसरा हिरमोड म्हणजे बोलायला मिळत नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कायद्याचा विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली बाल न्यायालयात पक्षकाराची बाजू स्वतः मांडतो. आपल्याकडे १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं ते काम सनदवाल्यांसाठी राखून ठेवलंय. एखाद्या प्रकरणात न्यायालय इतरांना परवानगी देऊ शकतं, पण त्या वाटेला मी जात नाही. वकालतनामा माझ्या नावाचा, सही माझी. विद्यार्थ्यांनी मुलाला भेटायचं, कागद जमवायचे, अर्जाचा मसुदा करायचा. मला हे बरंच वाटतं. ज्याला पाच मिनिटांनी उभं राहायचंय, तो आधीची पाच मिनिटं स्वतःचंच भाषण ऐकत बसतो.

कागदांत पहिला कागद वयाचा. बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ९४ सांगतं की आधी शाळेतली जन्मतारीख बघा, ती नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा दाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेतली तारीख म्हणजे काय हे महाराष्ट्रात वाढलेल्याला सांगायला नको. गुरुजींनी नाव घालताना १ जून टाकला की जन्मभर तोच वाढदिवस. त्या तारखेवर मुलगा मंडळापुढे जाणार की मोठ्यांच्या कोर्टात, हे ठरतं. मूट कोर्टात ढाली जिंकून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो आणि झेडपीच्या शाळेत जाऊन, क्लार्कशी चहा पिऊन जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन येणारा लाखमोलाचा ठरतो.

पण खरी कसोटी वेगळीच. एक प्रसंग सांगते. तपशील बदलले आहेत, नाहीतर मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं कलम ७४ आडवं येईल. मुलगा सोळाचा, मोबाइलचोरीत दुसऱ्यांदा आलेला. आई चार घरची धुणीभांडी करणारी. जामिनाचा अर्ज निघाला तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, “मॅडम, ठेवा त्याला आतच. दोन टाइम जेवंल तरी. त्या पोरांपासून लांब राहील.” परिवीक्षा अधिकाऱ्यांनी मान डोलावली. माझी विद्यार्थिनी कानाशी येऊन म्हणाली, “मॅडम, आपण अर्ज मागेच घेऊ या ना. आईच नको म्हणतेय.”

कलम १२ प्रमाणे अशा मुलाला जामीन हा नियम, नाकारणं हा अपवाद. गुन्हा किती गंभीर, हे अपवादांत येतच नाही. सुटला तर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हरेल, एवढ्याच कारणांनी नाकारता येतो. यातल्या धोक्याच्या दारातून सगळी माया आत शिरते. आई, अधिकारी, मंडळ, माझी विद्यार्थिनी, सगळ्यांनाच त्याचं भलं हवं असतं. १९६४ साली ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही भाषा भल्याचीच होती. शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप, वकील नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह. त्याच गुन्ह्याला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलालाही वकील हवा.

मी विद्यार्थिनीला विचारलं, “त्याला काय हवंय?” तिच्या वहीत घटना होती, बापाचं दारू पिणं होतं, शाळा सुटल्याचं वर्ष होतं. हे नव्हतं. मंडळाकडून थोडा वेळ मागून तिला परत पाठवलं. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं आणि मुदत जवळ आली होती. शिवाय आईला ज्या पोरांची भीती, त्यांतला एक आत त्याच्याच हॉलमध्ये झोपत होता. हे आईला ठाऊक नव्हतं, अधिकाऱ्यांना नाही आणि अर्थात मलाही नाही. अर्ज मी चालवला. गावाकडच्या मामाच्या हमीवर, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तो सुटला.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला बड्या घरच्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं अपघात झाला आणि मंडळानं त्याला निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला; तेव्हापासून प्रत्येक तुकडी एक प्रश्न हमखास विचारते, “मॅडम, तो तीनशे शब्दांचा निबंध?” दोन जीव गेले होते, लोकांची चीड खरी होती. पैसा कुठवर पोचतो याची ती चीड होती, शिव्या मात्र कलम १२ला बसल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयानं त्या मुलाला निरीक्षण गृहातून सोडायला सांगितलं, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. जामीन अवघड करा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ज्याला न्यायला मामासुद्धा येत नाही, त्याचं काय? बड्या बापाच्या मुलाला वकिलांची कधी वाण पडत नाही.

आमच्या मुलानं फॉर्म भरला. गणितात गेला, बाकी निघाले. विद्यार्थिनीनं सत्राच्या अहवालात स्वच्छ लिहिलं, की आईचंच बरोबर होतं असं तिला अजून वाटतं आणि मॅडमनी बाईचा शब्द खाली पाडला. त्यावर मी काही शेरा मारला नाही. ‘मुलाचं म्हणणं’ या रकान्याला ती एरवी दोन ओळींत उरकायची. या वेळी दीड पान होतं, त्याच्याच बोलीत, शिव्यांसकट. गुण मी त्या दीड पानाला दिले.