पेडल मऊ लागते तेव्हा

मोटारीचे ब्रेक घरी बदलता येतात. चाक काढायचे, जुने शू उतरवायचे, नवे चढवायचे. हाताला कामाची सवय असेल तर सुटीचा एक दिवस पुरतो. खरी परीक्षा त्यानंतर असते. सगळे जागच्या जागी बसवून आपण समाधानाने गाडीत बसतो, पेडलवर पाय ठेवतो आणि पाय उशीत रुतावा तसा आत जातो. दाबले की दबते, सोडले की उसळते. आमच्या इंदूरचे मिस्त्री याला ‘स्पंजी’ म्हणतात आणि एका वाक्यात निदान करतात, “हवा रह गई है.” बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. आपल्या पत्रिकेचे वाचक पालक आहेत, आजी-आजोबा आहेत, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना तर हा विषय अभ्यासालाच आहे.

आमच्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षे झाल्यावर तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. २०२३ च्या डिसेंबरात तिच्या मागच्या डाव्या चाकाला आतून तेलाचा ओघळ दिसला. चाकातला छोटा सिलिंडर गळत होता आणि ब्रेक ऑइलने लायनर भिजले होते. भिजलेले लायनर पुसून वापरायचे नसते, आणि एकाच बाजूचे बदलले तर गाडी एकीकडे ओढते. म्हणून डावीकडचा सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे शू असे एका शनिवारी अंगणात बदलले. पीथमपूरच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे पान्यांची माझ्याकडे वाण नाही. मदतीला अकरावीतली नात होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना महेश्वरला जायचे होते. सौ.चे गुडघे दुखतात, बसचा प्रवास तिला झेपत नाही, त्यामुळे महिनाभर ती या रविवारची वाट पाहत होती.

नळी उघडली की तिच्यात हवा शिरणारच. त्यात कोणाचा दोष नाही. ती नंतर काढावी लागते, इतकेच. पण थोड्याशा हवेने एवढा फरक का पडावा, हे नातीला पटेना. पास्कलचा नियम तिने नुकताच शिकला होता. तिला सुया नसलेल्या दोन सिरिंज आणि सलाईनच्या नळीचा तुकडा आणून दिला. दोन्ही सिरिंज नळीने जोडून आत नुसते पाणी भरले, की एक दट्ट्या दाबताच दुसरा तितकाच बाहेर येतो. मग नळीत बोटभर हवा घेतली. आता पहिला दट्ट्या बराच आत गेला तरी दुसरा जागचा हलेना. तिकडे थोडा जोर लावून धरला तर मुळीच नाही. पायाचा जोर हवा दाबण्यात खर्ची पडला, चाकापर्यंत पोचलाच नाही. मुलांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा. पाणी वापरा, ब्रेक ऑइल नको. ते विषारी असते आणि रंगही खाते. गाडीच्या पत्र्यावर एक थेंब सांडला तरी लगेच पाण्याने धुवावा लागतो.

आता हवा काढण्याविषयी. प्रत्येक चाकाच्या सिलिंडरवर एक निप्पल असते. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल किंचित सैल करायचे. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. पेडल खाली जाऊन टेकले की आधी निप्पल बंद, आणि मगच पाय वर. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा उलट आत येते. म्हणून बोलून काम करावे. आमच्याकडे नात “दाबलंय” म्हणे, मी निप्पल फिरवी, बंद केले की “सोड” म्हणे. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलेला बरा. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज धरलेला असतो, आणि पेडल थेट टेकवले तर आतले रबर त्यावर घासून फाटते. वरच्या टाकीतले ऑइल कमी होऊ द्यायचे नाही, नाहीतर तिथूनच नवी हवा शिरते. बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतायचे नाही, कितीही स्वच्छ दिसले तरी. कोणते चाक आधी घ्यायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. सर्वांत लांबचे आधी हा सर्वसाधारण प्रघात असला तरी काही गाड्यांत तो वेगळा असतो.

संध्याकाळी सात वाजता बुडबुडे थांबले. उसळी गेली, पण पहिल्या दाबाला पेडल अजून खोल जात होते. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला मात्र दगडासारखे घट्ट. मुलगा म्हणाला, “बाबा, लागतोय की! दोनदा पंप करून चालवू. उद्या जायचं आहे.”

मी नाही म्हणालो. आवाज चढले, तेही लिहून टाकतो. त्याचे म्हणणे, त्याचे मित्र अशाच गाड्या वर्षभर चालवतात. चालवत असतील. पण दुसऱ्यांदा दाबल्यावर लागतो त्याला मी ब्रेक म्हणत नाही. समोर मूल धावत आले तर दुसऱ्यांदा दाबायला वेळ कुठला? शिवाय रस्ता कोणता, तर मानपूर ओलांडून माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा एबी रोड. धामनोदजवळच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण सर्वांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. उतरणीवर ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ३ प्रतीच्या ऑइलला ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सियस, ओलावा मुरल्यावर १४० अंश, डॉट ४ ला २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणजे घरी काढलेली हवा घाटात पुन्हा हजर! म्हणून दर दोनेक वर्षांनी ऑइल बदलतात आणि बाटलीचे झाकण उघडे ठेवत नाहीत.

रविवारी टॅक्सी केली. मुलगा वाटेत फारसा बोलला नाही.

पुढच्या रविवारी मागची दोन्ही चाके पुन्हा उचलून हाताने फिरवली. डावे फिरताना ड्रमला शू किंचित घासल्याचा आवाज येत होता. तसा तो यावा. उजवे मात्र निःशब्द गरगरत होते. ड्रम काढून पाहिला तर शू आणि ड्रममधले अंतर आपोआप कमी करणारी दातेरी पट्टी गंजाने जाम झालेली. शू ड्रमपासून लांब राहत होते आणि पेडलचा पहिला दाब ते अंतर तोडण्यातच संपत होता. हवेचा इथे काही संबंध नव्हता. पट्टी घासून मोकळी केली आणि पेडल पहिल्याच दाबाला जिथे हवे तिथे थांबले. आणखी एक प्रकार असतो: पाय स्थिर ठेवला तरी पेडल हळूहळू खाली सरकत जाते. तिथे कुठेतरी गळती असते किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले असते. ते मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावे, आणि गाडी ओढून न्यावी.

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून पाहिले, चारही निप्पल कोरडी असल्याची खात्री केली, मग गल्लीत माणसाच्या चालीने आणि नंतर रिकाम्या मैदानात गाडी थांबवून पाहिली. जानेवारीत महेश्वरला पुन्हा गेलो, या वेळी आपल्या गाडीने. मुलगा चालवत होता. घाटाच्या तोंडाशी त्याने दुसरा गिअर टाकला आणि पेडल एकदाच हलके दाबून पाहिले. मागे नात आणि तिची आजी पेरू खात होत्या.