अण्णांचा डावा कान

दिवाळीची साफसफाई आमच्या घरात एका टेबलापाशी येऊन अडते. ते टेबल माझे. त्याच्यावर तारांची भेंडोळी, मेलेल्या रेडिओंचे सांगाडे आणि स्क्रूंनी भरलेले श्रीखंडाचे डबे असतात. “आधी तुमचा कारखाना आवरा,” असे ही दरवर्षी म्हणते, आणि मीही दरवर्षी “आवरतो” म्हणतो. यंदाही गोष्ट तेवढ्यावरच मिटायची. पण धूळ पुसता पुसता मी सहज अण्णांचा हेडफोन कानाला लावला.

अण्णांचे वय ८४. रात्री जेवणे झाली की ते द. वि. पलुसकर ऐकत बसतात. पलुसकर १९२१ साली नाशकात जन्मले, म्हणून ते ‘आपल्या गावचे बापूराव’! १९५५ साली, अवघ्या ३४व्या वर्षी ते गेले हे सांगताना अण्णांचा आवाज अजूनही कालची बातमी सांगावी तसा उतरतो. नुसत्या फोनचा आवाज त्यांना पुरेनासा झाला, तेव्हा मी पत्र्याच्या डब्यात एक छोटा ॲम्प्लिफायर बसवून दिला होता.

तर डाव्या कानात आवाजच नाही! हेडफोन उलटा करून लावला, तर आता उजवा कान मुका. म्हणजे माझे कान शाबूत.

“अण्णा, हे कधीपासून बंद आहे?”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बंद आहे? मला वाटलं, कानच गेला.”

गुढीपाडव्यापासून हा माणूस प्रत्येकाला आपल्या उजव्या बाजूला बसवीत होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते. जुनी ध्वनिमुद्रणे एकपदरी. दोन्ही कानांत एकच गाणे. त्यामुळे एक बाजू गेली तरी सूर हरवत नाही, आणि यंत्राचा संशयही येत नाही. “एकदा उलटा लावून बघायचा होतात,” मी म्हणालो. “धीर झाला नाही रे,” अण्णा म्हणाले.

टेबल आवरायचे राहिले. हेडफोन थेट फोनला जोडला. दोन्ही बाजू वाजल्या. दोष डब्यातच होता. आत आठ पायांची ५५३२ चिप आहे. तिच्या पोटात दोन सारखे ॲम्प्लिफायर असतात, कानागणिक एक. उजवा वाजतो म्हणजे वीज पोचते आहे. आगकाडीने एकेक जोड हलकेच दाबीत गेलो. सातव्या पायाशी आलो तो डाव्या कानात खरखर झाली! भिंगातून पाहिले, तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग. तो जोड माझ्याच हातचा. दोष तरी कुणाला देणार?

लहानपणी मी कल्हईवाल्यापाशी तासन्‌तास उभा राहत असे. तापल्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथील फिरवताच पातेले चांदीसारखे होई. डाखातही कथीलच असते, शिशाच्या जोडीला. नवसागराच्या जागी राळ. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळते. ते काम सोपे. अवघड असते ते दोन्ही धातू सारखे तापेपर्यंत थांबणे. नाहीतर कथील वर नुसते बसते, धरीत नाही. कल्हईवाला थांबत असे. मी त्या वेळी थांबलो नव्हतो.

या खेपेस थांबलो. जोड चकाकला. तरी हेडफोन लगेच लावला नाही. बाहेर येणाऱ्या तारेवर चुकून बॅटरीचा दाब उतरला, तर हेडफोनमधले नाजूक वेटोळे जळून जाते. मीटर लावला : ३ मिलीव्होल्ट. ठीक.

अण्णांनी हेडफोन लावला. डोळे मिटले. मग काढला, उलटा करून पुन्हा लावला, पुन्हा सरळ केला. ही फराळाचे ताट घेऊन दारात उभी होती. तीही काही बोलली नाही.

शेवटी अण्णांनी हात पुढे केला आणि सहा-सात महिने शेवटच्या टोकाला ठेवलेले आवाजाचे बटण अर्ध्यावर आणले.