आजोबांच्या फियाटचा पत्रा

हिंदमाता, दादर (पूर्व)
मृगाच्या तोंडावर

चि. भाच्यास,


आजोबांची फियाट तुझ्या नावावर झाली आणि आठवड्याच्या आत तुझा फोन आला, रंग कोणता द्यायचा म्हणून. रंगाचं सगळ्यात शेवटी. आधी गाडीखाली पुठ्ठा टाकून आडवा हो.

डेंटर काल येऊन गेला. त्यानं रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून त्यानं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डाव्या रनिंग बोर्डवर ठोकायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण आणि मागच्या चाकाच्या अलीकडे एकदम थप्प! तिथं त्यानं टोक टेकवलं, फारसा जोर न लावता, तर ते बोटभर आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा टोकावर ओला, चॉकलेटी भुगा. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवलं. निम्म्या दारापर्यंत ते चिकटत होतं, पुढे घसरलं. म्हणजे तिथं पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) आहे. कधीतरी कुणीतरी गंजावर लांबी थापून, घासून, वर रंग मारून गाडी आजोबांच्या हवाली केली होती.

फियाटला जीपसारखी खाली वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, रनिंग बोर्डच्या आतली पोकळ पेटी, दारांचे खांब हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. त्यामुळे मडगार्ड सडलं तर गाडी कुरूप दिसते, पण पेटी सडली तर मधून वाकते. डेंटरनं दार उघडून नुसत्या एका बोटानं ढकललं. लागताना ते किंचित वर उचलावं लागलं. बिजागरी झिजलेली असू शकते, नाहीतर खालची पेटी बसलेली. तो म्हणाला, ‘आधी हे कळू दे, मग पैशाचं बोलू.’

हा आजार आला कुठून, ते तुला पवईच्या चौदाव्या मजल्यावरून दिसणार नाही. हिंदमाता म्हणजे बशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण इथं तुंबायला तेवढा कधीच लागला नाही. जोराच्या दोन-चार सरी आणि नेमकी त्याच वेळी भरती, एवढं पुरायचं. कापडबाजारातले दुकानदार गठ्ठे वरच्या फळीवर चढवायला लागले की आजोबा ओळखायचे. अलीकडे महापालिकेनं प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. त्याआधीची सगळी वर्षं मात्र फियाटनं चाळीसमोर उभ्याउभ्या काढली.

पाणी ओसरतं, गाळ राहतो. रनिंग बोर्डच्या पेटीला खाली बारीक भोकं असतात, ती गाळानं बुजतात. आत ओल, वर समुद्रावरची खारी हवा. मिठामुळे ओलाव्यातून वीज सहज वाहते आणि लोखंड भराभर खाल्लं जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. बाहेर चण्याएवढा फोड दिसतो, तोवर आतला पत्रा संपलेला असतो. आजोबा पाणी उतरलं की पायातले गालिचे उचलून दांडीवर टाकत आणि तळाची रबरी बुचं काढून ठेवत. शेवटची काही वर्षं त्यांना वाकता येत नव्हतं.

आता दुरुस्ती की बदली? इंग्लंडात एमजीबी गाडीची अख्खी बॉडी १९८८ पासून मूळ साच्यांवर नव्यानं काढून विकली गेली. सडलेली टाका, नवी लावा. आपल्याकडे हा पत्रा ठोकणारा कारखाना हाकेवर, कुर्ल्याला होता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरनं तिथं फियाट ११०० बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास थांबली. नवा पत्रा कुठून मिळणार? राहिल्या भंगारातल्या टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या भावंडांची बॉनेटं, डिक्या, दारं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधता येतात. पण तीही याच शहरात भिजलेली! दार घेतलंस तर आतल्या बाजूनं, खालच्या शिवणीत नख घालून बघ.

म्हणून डेंटरचा हिशेब असा: दार आणि बॉनेट, जे बोल्टवर निघतं, ते चांगलं मिळालं तर बदलायचं. पेटी आणि तळ हातानं घडवायचा. पेटीला अठरा गेजचा सीआर पत्रा, बाकीला वीस. जस्त चढवलेला जीआय पत्रा नको म्हणतो. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो. कापण्याआधी गाडीला खालून चार ठिकाणी टेकू, पेट्रोलची टाकी बाहेर, आणि दारं जागेवरच. दाराभोवतीची फट शेवटपर्यंत सारखी राहिली, तर गाडी वाकली नाही असं समजायचं. गंज जिथं संपतो तिथं नाही, चकचकीत पत्रा लागेल तिथं कापायचं. ठिगळ वर चढवायचं नाही, कडेला कड भिडवायची. ठिगळ चढवलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहते. टाके एका बाजूला एक, मग समोर एक, म्हणजे उष्णतेनं पत्रा पिळवटत नाही. वेल्डिंग झालं की पेटीच्या आत मेण फवारायचं आणि भोकं मोकळी ठेवायची.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढ. गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे तिला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज पाटी मिळू शकते, पण मूळ रूपात असेल तरच; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पत्रा होता तसाच घडवला, हे दाखवायला फोटो हवेत.

शनिवारी सकाळी ये. चांगले कपडे घालू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. – कपाटात आजोबांची व्हिक्सची डबी सापडली. आत तीन रबरी बुचं आहेत. चौथं अजून गाडीतच, पुढच्या डाव्या पायाखाली घट्ट बसलेलं आहे. डेंटरनं खडूनं सगळ्यात मोठा चौकोन तिथंच आखलाय.