नावांचा डोंगर

सॉल्ट लेक सिटीत पत्ता विचारला की उत्तर आकड्यांत येतं: इतके शे दक्षिण, तितके शे पश्चिम. मोजणी सुरू होते टेंपल स्क्वेअरपासून. मंदिराच्या आवाराचा आग्नेय कोपरा हाच या शहराचा शून्य. विमानतळावरून निघालेली ट्रॅक्स या शहरी रेल्वेची गाडी अगदी त्या शून्याशी आणून सोडते. उतरल्यावर आधी डोळ्यांत भरतात ते रस्ते. पुण्या-मुंबईच्या माणसाला मैदानच वाटावं असे १३२ फूट रुंद. बैलजोड्या जुंपलेली गाडी अडखळल्याविना फिरवता यावी म्हणून ते एवढे रुंद ठेवले, असं इथला प्रत्येक जण सांगतो.

त्या गाड्या घेऊन मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक इथे हौसेने आले नव्हते. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू नावाचं गाव वसवलं होतं. त्यांचा प्रेषित जोसेफ स्मिथ याला १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या आणि दोन वर्षांत सगळ्यांना गाव सोडावं लागलं. ब्रिगहॅम यंग २४ जुलै १८४७ ला या खोऱ्यात पोचला. पूर्वेला वॉसॅचच्या डोंगररांगा, वायव्येला खारट सरोवर आणि मधे कोरडी जमीन. चारच दिवसांत त्याने मंदिराची जागा नक्की केली. ते बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागली.

मी गेलो तेव्हा मंदिर परांचीच्या वेढ्यात होतं. भूकंपापासून बचावासाठी पाया मजबूत करण्याचं काम २०१९ च्या अखेरीस सुरू झालं आणि तेव्हापासून दरवाजे बंद. अर्थात ते उघडे असते तरी मला काय उपयोग? अर्पणविधी झालेल्या मॉर्मन मंदिरात बाहेरच्याला प्रवेश नाही. सभासदालासुद्धा स्थानिक धर्मप्रमुखाने मुलाखत घेऊन दिलेलं कार्ड दाखवावं लागतं. मात्र नवं मंदिर बांधून झालं की अर्पणविधीआधी काही आठवडे ते सगळ्यांना खुलं असतं. शहराच्या दक्षिणेच्या एका उपनगरात तसा योग जुळून आला.

दारात स्वयंसेवकांनी बुटांवर पांढऱ्या पिशव्या चढवल्या. फोटो काढायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. जे पाहायला आलो होतो तिथे रांग आपोआप रेंगाळली. बारा बैल बाहेर तोंडं करून वर्तुळात उभे, आणि त्यांच्या पाठींवर भलंमोठं गोल कुंड. बैल पूर्णाकृती, कानांच्या शिरा आणि मानेखालची पोळी, सगळं कोरलेलं. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिरात असं कुंड होतं, त्याची ही आठवण. बारा बैल म्हणजे इस्राएलच्या बारा वंशशाखा. कुंडात उतरायला पायऱ्या, पाणी कोमट ठेवलेलं, शेजारच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांच्या आणि टॉवेलांच्या चळती. इथे मेलेल्यांचा बाप्तिस्मा होतो.

मेलेल्यांचा म्हणजे प्रेतांचा नव्हे. हा गैरसमज जगभर आहे. कुंडात उतरतो तो जिवंत माणूस, बहुतेकदा अकरा-बारा वर्षांपासून पुढची मुलंमुली. बाप्तिस्मा देणारा मृताचं नाव घेतो, त्याच्या वतीने हा विधी होत असल्याचं म्हणतो आणि त्या मुलाला पूर्ण पाण्याखाली घेऊन वर काढतो. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. मग पुढचं नाव, पुन्हा एक बुडी. आठव्या वर्षाआधी गेलेल्या बालकांना हा विधी लागत नाही, ती निष्पापच समजली जातात. आणि मॉर्मन माणूस एक गोष्ट आवर्जून सांगतो: परलोकातला तो जीव हा बाप्तिस्मा स्वीकारू शकतो किंवा नाकारूही शकतो. आम्ही फक्त दार उघडून ठेवतो.

या दाराच्या मुळाशी घरातलंच एक दुःख होतं. जोसेफ स्मिथचा थोरला भाऊ अॅल्व्हिन १८२३ मध्ये पंचविशीत गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि अंत्यविधीच्या प्रवचनात पाद्रीबुवांनी तो नरकात गेल्याचं सुचवलं. स्मिथ कुटुंबाच्या मनातून ते कधी गेलं नाही. पुढे १५ ऑगस्ट १८४० ला नॉवूत एका अंत्यविधीत जोसेफने सांगितलं की, बाप्तिस्म्याविना गेलेल्या आप्तांसाठी जिवंत माणसं तो घेऊ शकतात. आधाराला बायबलमधलं, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या पंधराव्या अध्यायातलं एक वचन होतं. जेन नेमन ही विधवा लगेच मिसिसिपीत उतरली आणि तिने आपल्या मेलेल्या मुलासाठी, सायरससाठी, बाप्तिस्मा घेतला. विधीतले शब्द नीट ऐकू यावेत म्हणून व्हिएना जॅक्स नावाची बाई घोड्यावर बसून नदीच्या पाण्यात शिरली होती. आईने मुलासाठी बुडी घेतलेली तेव्हा चालली. पुरुषासाठी पुरुषच, हा नियम नंतरचा. १८४१ च्या नोव्हेंबरात अर्धवट बांधलेल्या मंदिराच्या तळघरात लाकडी कुंड आलं, तेही बारा बैलांवर.

आता नाव घेऊन बुडी मारायची, तर नाव माहीत हवं. एकसारख्या नावाची दहा माणसं असतात, म्हणून जन्माची तारीख हवी, गाव हवं, आईबाप हवेत. १८९४ मध्ये धर्मप्रमुख विल्फर्ड वुड्रफ याने आदेश दिला की, प्रत्येकाने आपापल्याच वंशाचा माग जितका मागे जाईल तितका काढावा. त्याच वर्षी युटाची वंशावळ संस्था स्थापन झाली. आज मंदिराच्या पश्चिमेला, रस्ता ओलांडला की तिचं पाचमजली फॅमिलीसर्च ग्रंथालय लागतं. तिकीट नाही, वर्गणी नाही, धर्म कोणी विचारत नाही.

आत बहुतेक पिकल्या केसांची माणसं. कोणी आयर्लंडमधल्या चर्चची नोंदवही पडद्यावर मोठी करून पाहतंय, कोणी जहाजाच्या उतारूंच्या यादीवर बोट फिरवतंय. कोटावर ‘सिस्टर’ अशी पाटी लावलेल्या एका आजीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि वंशावळीचा कोरा तक्ता पुढे सरकवला. वडिलांची बाजू झरझर भरत गेली. आजीच्या चौकटीशी आल्यावर त्या म्हणाल्या, इथे माहेरचं नाव लिहा. मी सांगितलं, आमच्याकडे लग्नात आडनावच नव्हे, मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, मग तिची दोन्ही नावं लिहा, नाहीतर माहेरच्या कागदांत ती सापडणार कशी? तीन पिढ्यांचं तर्पण करताना आई, आजी, पणजी यांची नावं आपण घेतो, पण ती सासरची. त्या बाया जन्मल्या कोणत्या नावाने, हे त्यात कुठेच नसतं.

दुसऱ्या दिवशी लिटल कॉटनवुड खिंडीत गेलो. मंदिराचा दगड इथूनच गेला: सुरुवातीला बैलगाड्यांवर, १८७३ नंतर रेल्वेने. त्याच ग्रॅनाइटच्या पोटात बोगदे खोदून १९६०च्या दशकात कोठार बांधलं. वंशावळ संस्थेने १९३८ मध्ये जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली होती. त्यांची सुमारे २४ लाख रिळं या डोंगरात आहेत. ती संगणकात उतरवण्याचं काम २०२१ मध्ये संपलं, आणि त्यातलं बरंचसं घरबसल्या फुकट पाहता येतं. कोठार मात्र पाहता येत नाही. रस्त्यावरून दिसतात ती कातळात बसवलेली बोगद्यांची तोंडं.

या डोंगरातल्या काही नावांवरून जगात वादळ उठलं. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांनीही बाप्तिस्मे झाल्याचं उघडकीला आलं. त्यात अॅन फ्रँकचं नाव होतं. ज्यू म्हणून ज्यांना मारलं, त्यांना मेल्यावर ख्रिस्ती विधीत ओढायचं? १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार होऊन लाखो नावं काढली गेली. तरी २०१२ मध्ये नाझींचा माग काढणारे सायमन वीझन्टाल यांच्या आईवडिलांची नावं निघाली आणि चर्चला माफी मागावी लागली. त्याच वर्षी गांधीजींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या आपल्याकडे झळकल्या. चर्चचा नियम आता स्पष्ट आहे: नावं आपल्याच पूर्वजांची द्यायची, आणि जन्माला ११० वर्षं झालेली नसतील तर जवळच्या आप्ताची परवानगी घ्यायची. यामुळे कोणाची गणना सभासदांत होत नाही, असंही ते सांगतात. हा खुलासा मला पुरेसा वाटत नाही. हेतू मायेचा असला तरी दुसऱ्याच्या आजोबांवर माया करायला त्याच्या नातवंडांना विचारायला हवं.

पण याच माणसांनी हरिद्वारला जाऊन आपल्या पंडे लोकांच्या वह्यांचेही फोटो घेतले, तेही १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. यात्रेकरू कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणाच्या अस्थी घेऊन आला, हे पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या त्या लांबलचक वह्या वाळवी आणि दमटपणाच्या भरवशावर होत्या. त्यांतल्या कितीतरी वह्यांची पानं ग्रंथालयातल्या पडद्यावर मी उलटली होती. आपल्या पूर्वजांची काळजी सातासमुद्रापलीकडच्या एका पंथाने घेतली. त्यांना ती का वाटली हे पटो न पटो, कागद वाचला हे खरं.

म्हणून माझा हिशेब असा: विधी ज्याचा त्याने आपल्या घरच्यांपुरता करावा, नोंद मात्र सगळ्यांसाठी ठेवावी. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याचं पान असेल तर ते एकदा पाहून या, आणि त्यांची परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा. आणि घरात ऐंशीच्या पुढची कोणी बाई असेल, तर तिची दोन्ही नावं, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं माहेर आजच लिहून घ्या. ते कोणत्याही डोंगरात सापडणार नाही.