कोटातली वाडी

रेवदंड्यात पत्ता सांगताना लोक 'कोटाच्या आत' आणि 'कोटाच्या बाहेर' असं सांगतात. अलिबागहून मुरुडकडे जाणारी एसटी तटातून आत शिरते, आणि नवख्या माणसाला वाटतं, आता किल्ला दिसेल. दिसतात त्या वाड्या. नारळ, सुपारी, मधेमधे जायफळ, आणि त्यांच्या आड कौलारू घरं. किल्ला असतो, पण तो झाडांच्या मागे असतो. एखाद्या परसात विहिरीपलीकडे अचानक तीन पुरुष उंचीची भिंत उभी असते, तिला कमान असते, कमानीतून वडाच्या पारंब्या लोंबत असतात, आणि त्याच कमानीला एका टोकाने दोरी बांधून कुणीतरी कपडे वाळत घातलेले असतात.

माझ्या आत्याची वाडी अशी कोटाच्या आत. तिच्या विहिरीमागे जी भिंत आहे तिला घरात 'पाद्र्याची भिंत' म्हणत. कोण पाद्री, कुठला पाद्री, हे कुणी विचारत नसे. 'केळफूल पाद्र्याच्या भिंतीपाशी टाक,' 'पाद्र्याच्या भिंतीकडे नाग दिसला,' इतपत त्या पाद्र्याचा संसाराशी संबंध.

इतिहास सांगायचा तर थोडक्यात असा. पोर्तुगीज चौलच्या खाडीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले. निजामशहाकडून त्यांनी 1521 साली किल्ला बांधायची परवानगी मिळवली आणि तीनेक वर्षांत बांधकाम पुरं केलं. वरच्या चौलात मशिदी, देवळं, हमामखाना, रेशमाचे माग. खाली खाडीच्या तोंडाशी ही नवी गोऱ्यांची वस्ती. पुढे 1570-71 साली मुर्तजा निजामशहाने कित्येक महिने वेढा घातला तरी ती पडली नाही. उलट 1594 साली पोर्तुगिजांनी खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही घेतला. सव्वादोनशे वर्षांत या एवढ्याशा तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांनी आपापली चर्चं आणि मठ बांधले. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई घेतली, त्यानंतर पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लई तहाने मराठ्यांकडे आली. वसईच्या मोहिमेतल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल अजून वाचता येतं. रेवदंड्याच्या चर्चांच्या वाट्याला मात्र वाड्या आल्या. गोरे गेले, छपरं कोसळली, आणि रिकाम्या जमिनीत कुणीतरी पहिलं सुपारीचं रोप लावलं.

आत्याच्या विहिरीवरचा धुण्याचा दगड मोठा होता. काळा, गुळगुळीत, चांगला सहा फूट लांब. त्याच्या एका कडेला अक्षरं होती. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे, पण इंग्रजी शिकल्यावरही ती लागत नव्हती. कपडे आपटून आपटून मधली अक्षरं गेलेली. कडेची राहिली होती, कारण तिथे साबणाचं भांडं असायचं.

कोर्लईची एक बाई आत्याकडे वाल घेऊन यायची. पूल व्हायच्या आधी तरीतून, पुढे एसटीने. वालाच्या बदल्यात नारळ न्यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. नेसणं, बोलणं सगळं आमच्यासारखं, गळ्यात मात्र क्रूस. विहिरीवर पाय धुवायला गेली की ती त्या दगडाला वळसा घालून जायची. दगडावरून गेलं की चार पावलं वाचायची, पण ती कधी गेली नाही. आत्याने एकदा विचारलं, 'अगो, निसरडा नाहीये तो.' मावशी म्हणाली, 'असू दे वैनी.' तेवढंच.

मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्या दुपारबद्दल या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तो बोटांवर झाडं मोजायला लागतो. आत्याच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या. सुपारीचं नवं रोप पुरतं धरायला सहासात वर्षं जातात, आणि आत्या तेव्हा एक्याऐंशीची होती. दोन दिवसांनी दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, आडवी झाडं ओलांडत मागे गेला तेव्हा त्याला पहिल्यांदा ती भिंत सबंध दिसली. भिंत एकटी नव्हती. समोर तिची जोडीदारीण होती, मधे लांबट जागा होती, आणि पूर्वेच्या टोकाला गोल वळलेला भाग. तो मला फोनवर म्हणाला, 'अगं, आपण देवळात राहतोय.'

आत्या गेली त्याला आता दोन वर्षं झाली. दादा ठाण्याला, त्याची मुलं त्याहून लांब. वाडी विकायची ठरली, आणि गिऱ्हाईकाला सगळ्यात आवडली ती ती भिंत. तिच्यावर खालून दिवे सोडायचे, समोर पोहण्याचा तलाव. कायदा आडवा येतो. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. कोटातल्या लोकांना हा नियम पाठ असतो, कारण साधी पडवी वाढवतानाही तो आठवावा लागतो. गिऱ्हाईक म्हणालं, ते आम्ही बघून घेऊ. या वाक्याची मला भीती वाटते.

माझी भाची इंग्लंडात नॉरिचला असते. त्या शहरात जुन्या वेशीच्या आत तिशीच्या वर मध्ययुगीन चर्चं अजून उभी आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी आता प्रार्थना होत नाही. एकात तर कळसूत्री बाहुल्यांचं थिएटर आहे. तिला मी वाडीचे फोटो पाठवले तर ती म्हणाली, 'मावशी, आमच्याकडे छप्पर आहे आणि माणसं नाहीत, तुमच्याकडे उलट.' पण रेवदंड्यात उलट नाही. इथे दोन्ही नाही. माणसं खाडीपलीकडे आहेत.

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी मी कोर्लईला गेले. सकाळी आधी डोंगर चढले. दीपगृहापासून पायऱ्या आहेत, अर्ध्या तासाचं काम, पण आमच्या दमट हवेत तो अर्धा तास मोठा होतो. वर किल्ला अरुंद, बोटीसारखा, दोन्हीकडे पाणी. मधोमध चर्च. छप्पर नाही, आत गवत, भिंतीवर शेवाळ. वेदीच्या जागी उभं राहून पाहिलं की दारातून सरळ आभाळ दिसतं. जवळच महादेवाचं छोटं देऊळ आहे, आणि तिथली फुलं ताजी होती. पलीकडे रेवदंड्याच्या माडांतून सातखणी मनोरा डोकं काढून उभा. तो फ्रान्सिस्कनांचा. एके काळी सात मजल्यांचा, म्हणून नाव सातखणी. आता वरचे मजले गेलेत. इथून कळतं की ही दोन चर्चं एकमेकांना दिसत होती.

खाली गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे, आणि ते भरलेलं होतं. मिस्सा मराठीत. आपल्याला कीर्तनाला बसल्यासारखं वाटावं इतकी मराठी. गंमत पुढे होती. मिस्सा संपली, लोक अंगणात आले, आणि एकदम भाषा बदलली. तिला ते 'नोउ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल पुष्कळशी मराठीची, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज अंमल 1740 साली संपला तरी हे एक गाव आपापसांत ती बोलत राहिलं. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन अभ्यासकाने 1996 साली तिच्यावर सबंध पुस्तक लिहिलं. बोलणारे हजाराच्या आसपास. अंगणात आज्या तीत बोलत होत्या, आया दोन्हीत, आणि मुलं एकमेकांशी मराठीत. मुलांना कोण दोष देणार? शाळा मराठी, मोबाइल हिंदी, नोकरी मुंबईत. आपणही पाव, चावी, घमेलं, बालदी, पगार एवढं त्यांच्याकडून घेतलं आणि घेतल्याचं विसरलो.

वालवाल्या मावशी कधीच्या वारल्या होत्या. त्यांचा मुलगा भेटला, साठीचा, शेतीच करतो. मी त्याला दगडाचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा केला, चष्मा वर सरकवला.

'नाव गेलंय,' तो म्हणाला.

'हो. शेवटचं तेवढं राहिलंय.'

ते शेवटचं मला अलीकडेच लागलं होतं. गोव्यात, वसईत पोर्तुगीजांच्या थडग्यांवर नेहमीचा मजकूर असतो: ही अमक्याची कबर, आणि त्याच्या वारसांची. 'ए दे सेउस हेर्देइरोस.' आत्याच्या दगडावर त्यातला 'हेर्देइरोस' जवळजवळ सबंध आहे, साबणाच्या भांड्याच्या कृपेने. मी त्याला अर्थ सांगितला.

'वारस?' तो हसला. 'मग तुम्ही की आम्ही?'

मी म्हटलं, सातबाऱ्यावर दादाचं नाव आहे. तोही म्हणाला, आमचं कसं असेल, आम्ही त्यांचे कुळवाडी. मग जरा थांबून म्हणाला, 'आई सांगायची, त्या वाडीत माणसं निजलीत. मला वाटायचं, भुतांच्या गोष्टी सांगतेय.' त्याला दगड नको होता. त्याला तो बघायचा होता. लावणी उरकली की येतो म्हणाला, 16 जुलैच्या सणाच्या आत, आणि फादरना घेऊन येतो. वालांचा हंगाम नाही म्हणून रिकाम्या हाताने यावं लागेल, याचं त्याला वाईट वाटत होतं.

परत येताना सालावच्या पुलावरून दादाला फोन केला. त्याला म्हटलं, मागची जागा आणि दगड व्यवहारात धरू नकोस; पुरातत्त्व खात्याला आपण आधी पत्र लिहू, आणि ते गिऱ्हाईकाला कळू दे. तो बराच वेळ गप्प होता. भाव पडेल, म्हणाला. पडेल, मी म्हटलं. वादळाने अर्धा पाडलाच होता.

'आणि तोवर?'

तोवर राखणीला असलेल्या बाईला धुण्यासाठी दुसरा दगड हवा. दादा म्हणाला, नाक्यावरच्या कडप्पावाल्याला सांगतो, उद्याच टाकून जाईल.