आजी आणि ‘हॅव’

परवा मुलीची इंग्रजीची वही हाती आली. ‘आय ॲम हॅविंग अ ग्रँडमदर’ या वाक्यावर बाईंनी लाल रेघ ओढली होती. मी मराठीचा अध्यापक. पण बापाला परकी शेतेही नांगरावी लागतात!

“चहा घेतोय म्हणताना ‘हॅविंग’ चालतं,” मी म्हणालो, “आजी आहे म्हणताना नुसतं ‘हॅव’.”

मराठीत असे क्रियापदच नाही. आपण सारा भार ‘असणे’वर टाकतो आणि बाकीचे काम विभक्ती नि शब्दयोगी अव्ययांकडून करवून घेतो. ताप ‘मला’ असतो, सुटे पैसे ‘माझ्याजवळ’, पाहुणे ‘माझ्याकडे’. इंग्रजीचे ‘हॅव’ या साऱ्यांना एकाच पिशवीत कोंबते. हे मी अगदी रंगात येऊन सांगत होतो.

“मग आजी पुढच्या महिन्यात काकाकडे रोह्याला गेली, की ‘हॅव’ राहील का?”

“राहील की!”

“आणि मराठीत?”

मराठीत ‘मला आई आहे’ निराळे, ‘आई माझ्याकडे आहे’ निराळे. सहा महिने पेण, सहा महिने रोहे ही आम्हां भावांची वाटणी दुसऱ्या वाक्याची.

आई दाराशी पोहे निवडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, “माझंही लिही गं. मला दोन मुलगे आहेत. माझ्याकडे कुणी नाही.”

मुलीने लिहिले, ‘शी हॅज टू सन्स.’ पुढच्या वाक्यापाशी पेन्सिल थांबवून ती माझ्याकडे पाहू लागली.