राणीछाप

तिवशाच्या आमच्या घरी आजीच्या गळ्यात अकरा राणीछाप रुपयांची माळ असे. एकेक रुपया तोळाभर वजनाचा! पाचवीत इंग्रजी अक्षरे जुळू लागली, तेव्हा त्यांवरचे नाव मी वाचले : व्हिक्टोरिया. मास्तर म्हणाले, लॅटिनमध्ये याचा अर्थ विजय. रोमन लोकांची ती देवताच.

आजीचे नाव विजया. "मंग तं ते माह्याच नावाची निंघाली!" ती खुदकन हसली.

या राणीपूर्वी इंग्लंडातही हे नाव दुर्मिळच. तिला ते जर्मन आईचे मिळाले. 1837 साली ती गादीवर आली आणि नाव जगभर पांगले. वऱ्हाडात मुलीला ते कोण ठेवणार? मुंबईत मात्र घोडागाडीला मिळाले, बागेला मिळाले, स्टेशनालाही मिळाले. स्टेशनावरून ते 1996 साली उतरले. जिजामाता उद्यानाला मात्र लोक अजून राणीची बागच म्हणतात.

मी अमरावतीला कॉलेजात निघालो, तेव्हा पुस्तकांसाठी आजीने माळ उतरवली. दहा रुपये सराफाकडे गेले. अकरावा तिने मुठीत धरला.

"हा इकाचा नाही," ती म्हणाली. "याच्यावर माह्यं नाव हाये."